वर्गासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गूगल फॉर्म वगैरे सुरू करताय? मग हा क्रम धरा

दर जूनमध्ये तेच होतं. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी उत्साही सर नाहीतर मॅडम '८वी ब आपला वर्ग' असा ग्रुप काढतात, सगळ्या पालकांना धडाधड अ‍ॅड करतात, आणि गणपती येईपर्यंत त्यावर गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी प्लॉटची जाहिरात आणि 'सर उद्या सुट्टी आहे का' एवढंच उरतं. मग सर म्हणतात आमच्याकडं हे चालत नाही, पालकच तसलेत. पालक तसले नसतात ओ, क्रम चुकलेला असतो.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीला शिकवतो. खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक मी आधी चुकीचं करून बसलोय. माझा अनुभव एवढाच की पोराच्या हातात दिसतो तो फोन पोराचा नसतो, घराचा असतो, आणि हे डोक्यात ठेवलं की कुठली सेटिंग कशी ठेवायची ते आपोआप कळत जातं.

१. आधी कागद, फोन नंतर

ग्रुप काढायच्या आधी एक आठवडा फक्त माहिती गोळा करा. कागदावरच. गूगल फॉर्मवर 'तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का' असं विचारणारे पण असतात, ज्याच्याकडं नाही तो भरणार कसा?

प्रत्येक पोराला अर्धं पान द्या, घरून भरून आणायला सांगा. प्रश्न पाचच:

- घरात स्मार्टफोन किती, आणि तो कुणाचा?
- तो फोन संध्याकाळी किती वाजता घरी येतो?
- त्याच फोनवर अजून किती भावंडं अभ्यास करतात?
- घरात मराठी वाचता कुणाला येतं? नसेल तर कुठली भाषा चालते?
- फोन बंद असला तर निरोप द्यायला दुसरा नंबर कुणाचा?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. माझ्या वर्गात ४६ पोरं. २९ घरांत स्मार्टफोन निघाला, मला वाटलं झकास, अर्ध्याहून जास्त झाले. पण त्या २९ पैकी २२ फोन वडलांबरोबर लूमवर (यंत्रमागावर) नाहीतर एमआयडीसीत जातात आणि रात्री आठच्या पुढं घरात येतात. आई घरी विड्या वळते, तिच्याकडं बटणाचा फोन. म्हणजे दुपारी चारला मी जो 'आजचा अभ्यास' टाकत होतो तो ७ पोरांना दिसत होता. सात. आणि मी दुसऱ्या दिवशी वर्गात ओरडत होतो की ग्रुपवर टाकलेलं बघत का नाही.

उरलेल्यात १२ घरी नुसता बटणाचा फोन आणि ५ घरी तोही नाही, शेजाऱ्याचा नंबर. या १७ पोरांचं काय करायचं ते ठरल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही. मी त्यांना प्रत्येकी एक 'जोडीदार' दिला, त्याच गल्लीत राहणारा. गल्ली बघून द्या, मैत्री बघून नको, कारण मैत्री ऑगस्टपर्यंत तुटते.

पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा बाजूच्या शिक्षकांनी अजून एक प्रश्न वाढवा, घरचे ऊसतोडीला जातात का. दिवाळीच्या आसपास घर हललं की फोनही हलतो आणि पोरगं आजीकडं राहिलेलं असतं.

तपासा: वर्गातल्या प्रत्येक हजेरी क्रमांकापुढं 'निरोप कसा पोचणार' हे लिहिलंय का? एक जरी रकाना रिकामा असेल तर अजून दोन दिवस थांबा.

२. संमतीचा कागद

मुख्याध्यापकांना तोंडी नाही, लेखी सांगा, त्यांची सही घ्या. उद्या काही झालं तर 'मला माहिती नव्हतं' हे वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ शकतं, जास्त काय लिहीत नाही.

मग पालकांचा कागद. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलंय, आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून बघता येईल अशी संमती हवी असं म्हटलंय. म्हणजे पालकसभेत हात वर करून 'हो सर' म्हटलं ते धरू नका. मी तीन ओळींचा कागद करतो:

'अभ्यास, सूचना आणि चाचणी यासाठी माझा हा मोबाईल नंबर वर्गशिक्षकांनी वापरावा : चालेल / चालणार नाही.
माझा नंबर इतर पालकांना दिसला तर : चालेल / चालणार नाही.
माझ्या पाल्याचा फोटो शाळेबाहेरच्या लोकांना दिसेल असा टाकला तर : चालेल / चालणार नाही.'

तिन्ही ओळी वेगवेगळ्या ठेवा. एकाच सहीत सगळं गुंडाळलं की लोक न वाचता सही करतात आणि नंतर भांडण होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या ओळीला १४ घरांनी 'चालणार नाही' केलं, त्यातल्या बहुतेक आयांचे नंबर होते. कारण सांगायला नको.

सावध: घरी तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू बोलत असतील तर कागद वाचून दाखवायची सोय करा. सही आहे म्हणजे समजलंय असं नाही.

३. स्वतःचा नंबर आणि खातं वेगळं

हे पटकन. शाळेसाठी वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. फुकट आहे, नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅपशेजारी दुसऱ्या नंबरावर चालतं, आणि त्यात वेळ लावून 'अवे मेसेज' ठेवता येतो. रात्री साडेनऊनंतर कुणी लिहिलं की 'सर उद्या सकाळी उत्तर देतील' असं आपोआप जातं. माझी बायको या एका सेटिंगवर खूश आहे.

गूगल खातंही वेगळं उघडा. घरच्या खात्यात फुकटची जागा १५ जीबी, त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं. लग्नाचे व्हिडिओ आणि घटक चाचणी एकत्र ठेवली की ऐन वेळी जागा संपते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खात्री) चालू करा आणि पासवर्ड स्टाफरूमच्या कॅलेंडरवर लिहू नका. हसू नका, मी बघितलंय.

४. ग्रुप : आधी सेटिंग, मग माणसं

इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात. आधी माणसं घेतली की सेटिंग करेपर्यंत चाळीस नमस्कार येऊन पडतात. म्हणून एका सहकाऱ्याला घेऊन दोघांचाच ग्रुप काढा आणि परवानग्यांमध्ये जाऊन हे करा:

१) मेसेज पाठवायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला.
२) ग्रुपचं नाव, फोटो बदलायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला.
३) नवीन लोकांना घ्यायची परवानगी सदस्यांकडून काढा आणि 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू ठेवा.
४) त्या सहकाऱ्याला दुसरा अ‍ॅडमिन करा. तुम्ही आजारी पडलात, फोन हरवला तर ग्रुप अनाथ नको.

'फक्त अ‍ॅडमिन' ठेवलं की काही सर म्हणतात ही तर हुकूमशाही झाली. असू दे. पालकाला बोलायचं असेल तर तो तुमच्या शाळेच्या नंबरावर बोलेल, पोराच्या तक्रारी ४५ घरांसमोर कशाला?

आता नंबर दिसण्याचा प्रश्न. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. संमतीच्या कागदातल्या दुसऱ्या ओळीला 'चालणार नाही' म्हणणारे असतील तर साधा ग्रुप काढूच नका, व्हॉट्सअ‍ॅपची 'कम्युनिटी' काढा आणि त्यातला सूचनांचा भाग तेवढा वापरा. तिथं पालकांचे नंबर अ‍ॅडमिनला दिसतात, अनोळखी पालकांना एकमेकांचे दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टही (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती) चालते, पण त्यात अडचण अशी की ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, आणि अर्ध्यांनी केलेला नसतो.

पालकांना अ‍ॅड करण्याऐवजी लिंक पाठवा, ती पण एकेकाला. पोराच्या हजेरी क्रमांकावरून नंबर सेव्ह करा, '८ब १७ आई' असं. 'राजूचे पप्पा' असे तीन निघतात. सगळे आले की लिंक रीसेट करा, नाहीतर ती कुठल्या तरी क्लासवाल्याच्या हाती लागते आणि तो ट्यूशनचं पॅम्प्लेट घेऊन दारात उभा.

तपासा: दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, म्हणजे अ‍ॅडमिन नसलेल्या, ग्रुप उघडून बघा. खाली लिहायची जागा दिसत असेल तर सेटिंग लागलेली नाही.

५. रोजचा मेसेज

दिवसाला एकच, ठरलेल्या वेळी. माझी वेळ रात्री ८.१५, का ते वर आलंच. मेसेजमध्ये विषय, पान नंबर, काय करायचं, उद्या काय आणायचं. एवढंच. सुविचार नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत, तुमचं वैयक्तिक मत तर अजिबात नाही.

वाचता न येणाऱ्या घरांसाठी त्याच मजकुराचा ३०-४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज. पूर्व भागात बऱ्याच घरी तेलुगू चालते, मला ती धड येत नाही, म्हणून आमच्या शिपाई मावशी परीक्षेच्या वेळा तेलुगूत बोलून देतात. त्या मेसेजचा परिणाम माझ्या वर्षभराच्या मराठी मेसेजपेक्षा जास्त झाला हे कबूल करतो.

वाचलं का ते बघायचं असेल तर मेसेज दाबून 'इन्फो' उघडा. निळ्या खुणा बंद करून ठेवणाऱ्यांचंही ग्रुपमध्ये वाचलेलं दिसतं. पण वडलांनी वाचलं म्हणजे पोराला कळलं असं समजू नका.

सावध: चाचणीचे मार्क ग्रुपवर टाकू नका. पहिल्या तिघांचेही नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर चाचणी घेऊ नका, कुणी काय उत्तर दिलं ते सगळ्यांना दिसतं, मग एका हुशार पोराचं बघून सगळे तेच दाबतात.

६. गूगल फॉर्मची चाचणी

पहिले दोन आठवडे नुसता मेसेज चालू द्या. तो सुरळीत झाल्यावरच फॉर्म. एकदम तीन-चार अ‍ॅप काढणाऱ्यांचं एकही टिकत नाही.

कागदावर आठ ते दहा प्रश्न आधी तयार ठेवा, मग फॉर्म उघडा. आता क्रमानं:

पहिला प्रश्न हजेरी क्रमांक, तो पण ड्रॉपडाउन, लिहायला देऊच नका. घराचा फोन असल्यामुळं नावाच्या जागी बापाचं नाव येतं, नाहीतर नुसतं 'आई'.

सेटिंग्जमध्ये 'क्विझ' चालू करा, गुण आणि बरोबर उत्तर भरा.

'एकालाच एकदा' ही सेटिंग बंद ठेवा. ती चालू केली की गूगल खात्यानं लॉगिन लागतं, आणि एकाच वर्गात जुळी भावंडं नाहीतर चुलत भाऊ असतील तर त्या फोनवर पहिल्यानं भरलं की दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. दोनदा भरलेले नंतर हजेरी क्रमांकावरून सापडतात, काय बिघडत नाही.

बरोबर उत्तरं लगेच दिसणं बंद करा, नाहीतर आठ वाजता भरणारा साडेआठला भरणाऱ्याला फोटो पाठवतो. इथं बरेच जण 'निकाल नंतर' हा पर्याय निवडतात, पण त्यानं ईमेल गोळा करणं आपोआप चालू होतं आणि पोरं अडकतात. तो पर्याय सोडा, फक्त 'बरोबर उत्तरं' आणि 'चुकलेले प्रश्न' ही दोन बटणं बंद करा.

आता मराठीतली एक खास गोम. एका शब्दात उत्तर लिहायचा प्रश्न दिला तर फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. मी विचारलं होतं ३६ चं धन वर्गमूळ किती, उत्तर भरलं होतं इंग्रजी आकड्यात. ज्यांनी मराठी ६ टाइप केला त्यांना शून्य. एका पोरीनं अक्षरी 'सहा' लिहिलेलं, तिलाही शून्य. ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन टेबलापाशी आली, अख्खं गणित पायऱ्यांसकट सोडवलेलं, काही बोलली नाही, नुसती वही उघडून उभी राहिली. तेव्हापासून असल्या प्रश्नाला मी तिन्ही उत्तरं बरोबर म्हणून भरतो, नाहीतर सरळ पर्याय देतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच, 'नदी' आणि 'नदि' फॉर्मला दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मग प्रकाशित करा, आणि लिंक भरणाऱ्यांसाठीची ('रिस्पॉन्डर लिंक') तीच घ्या. वरच्या पट्टीतली कॉपी करू नका, ती दुरुस्तीची असते आणि तिच्या शेवटी 'एडिट' येतं. मी पहिल्यांदा तीच पाठवली. रात्री साडेनऊला माझ्या मेलवर 'परवानगी द्या' अशा मेलची रांग, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग 'सर उघडलाच नाही'.

तपासा: लिंक इन्कॉग्निटो विंडोत (जिथं तुमचं खातं लॉगिन नसतं) उघडा, स्वतः एकदा मुद्दाम दोन उत्तरं चुकवून भरा, मार्क बरोबर येतात का बघा, आणि तो नमुना प्रतिसाद पुसून टाका. लॉगिन मागत असेल तर कुठलीतरी सेटिंग राहिलीय.

फोन नसलेल्या पोरांची तीच चाचणी तेच प्रश्न छापून दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला. तोपर्यंत उत्तरांची चर्चा वर्गात करायची नाही.

आणि फॉर्म आला की मार्कांच्या यादीआधी प्रत्येक प्रश्नाचा आलेख बघा. ज्या प्रश्नाला बहुतेकांनी एकच चुकीचा पर्याय दाबलाय तिथं तुमचं शिकवणं गंडलंय. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं त्याच प्रश्नाला द्या. हे करायचं नसेल तर फॉर्म काढायचे कष्ट घेऊ नका, कागदावर चाचणी घ्या.

७. क्यूआर कोड, दीक्षा, व्हिडिओ

आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकून झालंय. ते ऐकून परत आलेल्यांची पहिली चूक म्हणजे कुठल्यातरी साइटवर कोड बनवायचे. तिथले 'डायनॅमिक' कोड (त्या साइटमार्फत लिंक उघडणारे) फुकट वापराची मुदत संपली की बंद पडतात, भिंतीवर लॅमिनेट करून लावलेले तक्ते वाया. क्रोममध्येच पान उघडून शेअरच्या यादीतून क्यूआर कोड बनतो, तो मरत नाही. छापताना काडेपेटीपेक्षा लहान नको, चकाकणारं लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली स्कॅन होत नाही.

बालभारतीच्या पुस्तकातले कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमधून स्कॅन करा. व्हिडिओ आदल्या दिवशी घरून डाउनलोड करून आणा आणि पूर्ण बघा, नुसती सुरुवात नाही. शाळेत ऐन तासाला नेट जाणार हे धरूनच चाला, एप्रिलमध्ये तर लाइटही.

स्वतःचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा तर 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतो. सहा-सात मिनिटांच्या वर नको. वर्गात लावताना ऑटोप्ले बंद करा. आमच्याकडं पाचर आणि स्क्रूच्या धड्यानंतर आपोआप काय लागलं ते इथं लिहीत नाही.

८. फेसबुक, इन्स्टा आणि फोटो

या दोन्हींवर खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा सातवीपर्यंतच्या पोरांना 'इन्स्टावर बघा' म्हणणं सोडून द्या. आठवीतही मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांची फ्रेंड रिक्वेस्ट शाळेत असेपर्यंत घ्यायची नाही, पास होऊन गेल्यावर बघू. पोराशी एकट्याशी रात्री चॅटिंग नाही, शंका असली तर पालकांच्या फोनवरून नाहीतर उद्या वर्गात.

फोटो टाकायचाच तर संमतीच्या कागदातल्या तिसऱ्या ओळीला 'चालेल' म्हटलेल्यांचाच, आणि तरी आधी झूम करून बघा. ओळखपत्रावर नाव, पत्ता, घरचा नंबर असतो. गड्ड्याच्या यात्रेत नेलेल्या सहलीचा लाइव्ह फोटो टाकणं म्हणजे एवढी पोरं आत्ता कुठं आहेत ते जगाला सांगणं, परत आल्यावर टाका. बरेचदा हातातल्या प्रयोगाचा, भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो चेहऱ्यापेक्षा बरा दिसतो.

९. बिघडलं तर

चुकीचा मेसेज गेला तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण दोन दिवसच चालतं, दुरुस्तीला १५ मिनिटं. पण आधी स्क्रीनशॉट घ्या, काय गेलं होतं त्याचा पुरावा तुमच्याकडंही हवा.

'शिष्यवृत्ती मिळवा' म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अनोळखी प्रोग्राम बसवणारी) फिरत असते, पालक विश्वासानं ती सरांना विचारायला पाठवतात. उघडू नका, आणि त्याच रात्री ग्रुपवर एक ओळ टाका की शाळा कधीही एपीके पाठवत नाही. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला लगेच फोन. पोराचे फोटो बिघडवून फिरवले, कुणी त्रास देतंय असं कळलं तर मुलांच्या मदतीचा नंबर १०९८, आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी. स्वतः मध्ये पडून 'मिटवू' नका.

१०. वर्ष संपल्यावर

हे जवळपास कुणीच करत नाही. निकाल लागला की फॉर्म बंद करा, मार्कांच्या शीटमधून तुमच्या नोंदीपुरतं उतरवून घ्या आणि शीट पुसा, ट्रॅशमधूनही. ग्रुपवर शेवटची सूचना टाका, आठवडाभर थांबा, मग सगळ्यांना काढून ग्रुप मोडा. संमतीचे कागद तेवढे फाइलला ठेवा.

आणि नवीन वर्गासाठी जुन्याच ग्रुपचं नाव बदलून काम भागवू नका. आमच्या एका सरांनी भागवलं होतं, सप्टेंबरात त्यांना फोन आला, 'सर, आमचा पोरगा तर नववीला दुसऱ्या शाळेत गेला की ओ, मग त्याची आठवीची घटक चाचणी परत कशाला घेताय?'